पंधरा अँपिअर

पोरीनं छावणीतून आणल्या दोन पिवळ्या बत्त्या,
एक रिले, चार रंगांच्या वायरी
आणि कागदी पुडीत फुकट मिळालेले सहा लग.
"बनवारी तीनशे मागतोय लावायचे," म्हणाली,
"तुम्ही लावाल?"
मी चष्मा शोधत होतो. तो डोक्यावरच होता.

लश्करात जानेवारीत असं धुकं उतरतं
की समोरचे दिघे ओट्यासकट नाहीसे होतात,
त्यांचं खोकणं तेवढं शिल्लक राहतं.
आणि हिची शिफ्ट बानमोरला, सकाळी सहाची.
पुरानी छावनीच्या पुढे ट्रकवाले
दिवे मालवून रस्त्यातच झोपलेले असतात.
हे ती सांगत नाही. तिची मैत्रीण बोलून गेली,
चहात बिस्किट बुडवता बुडवता, सहज.

सीट काढली, टाकी उतरवली.
आधीच्या मालकानं हिरवीला लाल जोडून
वर चिकटपट्टी गुंडाळलेली, तिची उन्हानं चिक्की झालेली.
माझ्या हाताखालच्या पोरानं असा जोड केला असता
तर परत खड्ड्यात उतरवला असता त्याला.
मी केबल जॉइंटर. एकतीस वर्षं
जमिनीखाली जोड्या जुळवल्या:
पांढरी-निळी, पांढरी-केशरी, पांढरी-हिरवी,
पांढरी-तपकिरी, पांढरी-राखाडी,
मग लाल-निळी, लाल-केशरी...
झोपेतही म्हणू शकतो.
बायको म्हणायची, म्हणताच.

रिलेच्या पोटावर बारीक आकडे.
तीसवर बॅटरी, सत्त्याऐंशीवर दिवे,
पंच्याऐंशी-श्याऐंशी त्या इवल्याशा करंटचे
जो स्वतः काही उजळत नाही,
नुसतं दार ढकलतो.
शर्वाणी मोबाइलची बत्ती धरून उकिडवी बसलेली.
मी फ्रेमवरचा काळा रंग खरवडला
लोखंड चकाकेपर्यंत,
आणि डोळे मिटूनही चुकणार नाही अशा हातानं
लाल वायर तिथे आवळली.
फ्यूज बसवला.
फट्.

"बाबा, लाल? फ्रेमला?"

आता हिला काय सांगू.
टेलिफोनात धन जमिनीला जातं, बाई.
अठ्ठेचाळीस व्होल्ट, पण उणे,
म्हणजे ओलीत तांबं सडत नाही.
एकतीस वर्षं मी धन मातीत घातलं,
हातांना तेच वळण.
आणि तुझ्या गाडीचं सगळं अंग ऋण.

हसली असती तर बरं झालं असतं.
तिनं पुडीतून दुसरा फ्यूज काढला.
"बनवारीनं दोन दिलेत.
म्हणाला, एक तुझ्या बाबांसाठी."

या खेपेस काळी फ्रेमला, लाल आपल्या जागी.
टोकं दाबली, ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली.
स्विच.
टिक.

एवढाच आवाज, नखावर नख वाजवावं तसा.
जुन्या एक्स्चेंजच्या हॉलमध्ये असे हजारो असायचे,
सकाळी दहाला तर गारांसारखे,
सगळं गाव एकमेकांना हाका मारतंय
आणि आम्ही मधे उभे, कुणाचं काही न ऐकता.
मग पेट्या आल्या, मुक्या. मग मलाही निरोप.

समोर दिघ्यांची दोरीवर विसरलेली बंडी
पिवळीधमक झाली होती.
"लागले," शर्वाणी म्हणाली,
जणू मी पाहत नव्हतो.

पाच वाजून दहा. हेल्मेट, मफलर, किक.
बोळाच्या तोंडाशी दोन पिवळे ठिपके,
त्यांच्यापुढे चार हात रस्ता, जास्त नाही.
धुक्यानं आधी तिची पाठ घेतली,
मग आवाज, तो बराच वेळ.

सहाला सहा कमी.
मोबाइल एकदा वाजतो आणि तुटतो.
ती रिंग उचलायची नसते.

चहा ठेवतो. ओट्यावर पुडी तशीच पडलेली,
तिच्यात एक लग.
सहा आणले होते. मला आठवतंय,
सहाही लागायला हवे होते.
धन, फ्यूज, रिले, दिवे...
बोटांवर पुन्हा मोजतो.
दूध वर येतंय.